किल्ली विसरणाऱ्याची अर्पणपत्रिका

"हे काम माझ्यावर सोड," असं नंदकिशोर म्हणाला, तेव्हाच सुमेधाने कान टवकारायला हवे होते. (मागच्या वेळी नवऱ्याच्या या वाक्यानंतर त्यांच्या टोकियोतल्या ओजिमाच्या घरात वॉशिंग मशीन आलं होतं. ते बाथरूमच्या दारातून आत जाईना. अजून हॉलमध्येच आहे. दरवर्षी त्यावर गणपती बसतो.)

पण सुमेधा आनंदात होती. तिचं पुस्तक छापायला चाललं होतं. जपानी सुपरमार्केटात मिळेल तेवढ्यावर मराठी स्वयंपाक कसा करायचा, याचं छोटंसं पुस्तक. रविवारी वसाहतीच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं, आणि पुस्तक ती अर्पण करणार होती वरच्या मजल्यावरच्या ब्रिजिडला. ब्रिजिड आयर्लंडची, एदोगावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारी. सुमेधा नवी नवी आली तेव्हा नवरा दिवसभर ऑफिसात आणि ही घरात एकटी रडत बसलेली. कोणता कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा इथपासून सायकल चालवण्यापर्यंत सगळं या बाईने शिकवलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं.

म्हणून सुमेधाने एकच ओळ लिहिली होती: 'ब्रिजिडसाठी, परक्या देशात जिच्या दाराची बेल मी न घाबरता वाजवली.' आणि ती छापायची होती ब्रिजिडच्या मायबोलीत, आयरिशमध्ये, तिला पत्ता लागू न देता.

"मशीनकडून नको हं करून घेऊस," तिने बजावलं. "भाषा येणाऱ्या माणसाकडूनच कर. त्या पानावर मला एकही चूक नकोय."

हे सांगायची गरजच नव्हती. जपानी ऑफिसात राहून नंदकिशोरच्या अंगात एक गोष्ट पुरती मुरली होती. काकुनिन. म्हणजे खात्री करून घेणे. मीटिंगची वेळ कळली की ती कळल्याची खात्री करायची, मग खात्री झाल्याची खात्री. आता आयरिशची खात्री देईल असं त्याच्या ओळखीचं माणूस अख्ख्या टोकियोत एकच होतं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, असा विचार करून त्याने ओळीतलं नाव तेवढं काढून टाकलं आणि ब्रिजिडचीच बेल वाजवली.

"छान आहे," इंग्रजीत केलेली ओळ वाचून ब्रिजिड म्हणाली. "कोणासाठी?"

नंदकिशोरला घाम फुटला. "बायकोसाठी. लग्नाचा वाढदिवस आहे. गिफ्टवर लिहायचंय."

"पण नंदकिशोर-सान, बायकोच्या दाराची बेल? तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो. पण मी... किल्ली विसरतो."

"आणि 'न घाबरता'?"

"म्हणजे, ती रागावत नाही." (यापेक्षा मोठं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.)

ब्रिजिडचे डोळे पाणावले. "किती गोड! पण हे असं नाही कळणार कोणाला. थांबा, मी नीट करून देते." तिने वळणदार अक्षरात आयरिश ओळ लिहून दिली आणि सुमेधाला काही सांगणार नाही अशी शपथही घेतली.

नंदकिशोरला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण जाणकाराचं अक्षर होतं. त्याने वर फक्त 'ब्रिजिडसाठी' एवढं इंग्रजीत जोडलं. छपाईवाल्याने शिरस्त्याप्रमाणे प्रूफ पाठवून विचारलं, मजकूर बरोबर आहे ना? नंदकिशोरने शिक्का मारला. त्याने पुन्हा विचारलं. नंदकिशोरने पुन्हा, जरा जास्तच जोरात मारला.

रविवारी हॉल भरला. ब्रिजिडने पुस्तक उघडलं आणि आपलं नाव पाहून तोंडावर हात ठेवला. "मोठ्याने वाच ना," सुमेधा म्हणाली.

ब्रिजिडने वाचलं. मग मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग नंदकिशोरकडे पाहिलं.

"इंग्रजीतही सांगा की," शेजारची अनघा म्हणाली.

"'ब्रिजिडसाठी'," ब्रिजिड हसू दाबत म्हणाली. "'माझ्या लाडक्या बायकोला. मी किल्ली विसरलो की जी दर वेळी न रागावता दार उघडते.'"

हॉलमधल्या सगळ्या माना सुमेधाकडे वळल्या.

"अगं सुमेधा," अनघा म्हणाली, "हिच्याशी लग्न कधी केलंस? आम्हाला बोलावलंही नाहीस!"

सगळे हसले. सुमेधाचा चेहरा मात्र एवढासा झाला. किती महिने ती त्या एका पानासाठी जीव टाकत होती!

"मी काकुनिन केलं होतं," नंदकिशोर पुटपुटला.

"कोणाकडे?"

"त्यांच्याकडेच."

सुमेधाने त्याच्याकडे पाहणंच सोडलं. तिने माईक घेतला आणि आपली खरी ओळ, आठवेल तशी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटली. शेवटच्या शब्दांपर्यंत येता येता तिला रडू आवरेना. ब्रिजिडने तिला घट्ट मिठी मारली आणि तीच ओळ, स्वतःच्या नावाच्या जागी सुमेधाचं नाव घालून, आयरिशमध्ये हळूच तिच्या कानात म्हटली. सुमेधाला फक्त आपलं नाव कळलं. तेवढं पुरेसं होतं.

संध्याकाळी दोघी ब्रिजिडकडे चहाला गेल्या. हॉल आवरून, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, उरलेल्या पुस्तकांचं खोकं उचलून नंदकिशोर घराच्या दारापाशी आला आणि त्याने खिसे चाचपले. किल्ली सुमेधाच्या पर्समध्ये होती.

खोकं खाली ठेवून तो एक मजला चढला. आतून दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते. त्याने बेलकडे बोट नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. परका देश होता, ब्रिजिडचं दार होतं, बेलही होती. सुमेधाची ओळ त्याला अगदी तंतोतंत लागू पडत होती. फक्त ते 'न घाबरता' तेवढं वगळून.