जुनी वायर उपटली तेव्हा

आईने सर्व्हर-रूममधली लुकलुकणारी कपाटं वरपासून खालपर्यंत न्याहाळली, शाल घट्ट ओढून घेतली आणि विचारलं, "ठमे, तू इथे नेमकं करतेस तरी काय?"

घरात ठमी आणि ऑफिसात 'नेटवर्कवाल्या मॅडम' असलेल्या लेकीचा चेहरा पडला. नोकरीला लागल्यापासून ती हेच समजावत आली होती, आणि आई चारचौघांत 'कॉम्प्युटरचं काहीतरी करते' एवढ्यावरच भागवत होती. आज मात्र नवी, वेगवान लाइन सुरू झाली होती. आज आईला अभिमान वाटायला लावल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, असं ठमीने मनाशी पक्कं केलं होतं.

"हे बघ, माहितीला बाहेर जायला दोन रस्ते आहेत. एक जुना, एक नवा. प्रत्येक रस्त्याला मी एक आकडा देते, त्याला कॉस्ट म्हणतात. आकडा लहान असेल तो रस्ता राउटर निवडतो. नव्याला मी अगदी लहान आकडा दिलाय."

"म्हणजे स्वस्तातल्या रस्त्याने जायचं. ते तर मीही करते. त्याला इंजिनिअर कशाला लागतो?"

हे ठमीला चांगलंच झोंबलं. "अगं, ही जुनी वायर आता नुसती शोभेची! उपटली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. बघ!"

आणि तिने ती खसकन उपटली.

पत्ता सगळ्यांना लागला. त्याचं असं होतं, की त्या राउटरमध्ये ओएसपीएफ नावाचे दोन कारभारी एकाच छपराखाली नांदत होते. एक कॉम्प्युटरांचे रस्ते ठरवायचा, दुसरा फोनचे आणि कार्डाने उघडणाऱ्या दारांचे. दोघांत बोलचाल नाही. एकाला सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जायचं नाही. नव्या लाइनचं ठमीने पहिल्याला आकड्यासकट समजावलं होतं. दुसऱ्याला सांगायचं आनंदाच्या भरात राहूनच गेलं. त्या बिचाऱ्याला एकच रस्ता ठाऊक होता, आणि तो आता ठमीच्या हातात लोंबकळत होता.

मजल्यावरचे फोन मुके झाले. समोरच्या मीटिंग हॉलच्या काचेमागे बडे साहेब दाराला कार्ड लावू लागले. उलटं लावलं, सुलटं लावलं, शर्टाला पुसून लावलं. त्यांच्या मागे पाहुणे घड्याळं बघत उभे होते.

"ते गृहस्थ असे का करतायत?" आईने विचारलं.

"साहेब आहेत आमचे. अडकलेत."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे गं!"

ठमीने वायर परत खुपसली, तर घाईत तिचं टोकच मोडलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. एरवी 'ए नेटवर्क' अशी हाक मारणारे साहेब काचेपलीकडून मोबाइल कान-खांद्यात धरून, हात जोडून बोलत होते. "मॅडम, काहीतरी करा हो! पाहुण्यांचं विमान चुकेल!"

ठमी कीबोर्डवर तुटून पडली. दुसऱ्या कारभाऱ्याला नवी लाइन दाखवली, लहान आकडा दिला आणि श्वास रोखून बसली. त्याने शेजारपाजारच्या राउटरांची सावकाश विचारपूस केली, मग कुठे नवा रस्ता धरला. खट् करून दार उघडलं.

पाहुण्यांना लिफ्टमध्ये कोंबून साहेब धावत आले. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून सुटलो!"

"सर, वायर मीच उपटली होती," ठमी पुटपुटली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग नुकत्याच उघडलेल्या दाराकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "परत उपटू नका, एवढीच विनंती."

ते गेल्यावर ठमी मान खाली घालून उभी राहिली. सगळी शोभा झाली होती, तीही आईसमोर.

आईची मात्र मान ताठ झाली होती. डोळे भरून आले होते. "एवढा मोठा माणूस तुझ्यापुढे हात जोडतो, आणि मला रस्ते काय, आकडे काय सांगत बसलीस! नीट सांगता येत नाही तुला काही." तिने डोळे टिपले आणि लेकीच्या जवळ सरकली. "पगारवाढ मागायला जाशील ना, तेव्हा मला घेऊन चल. तू बोल, वायर मी उपटते."