रेनियमवाचून

आमच्या कॉलेजातले कलशेट्टी सर रोज चहातून एक गोष्ट वजा करायचे. सोमवारी आलं, मंगळवारी साखर, बुधवारी दूध. "ह्याच्यावाचून काय अडतंय का बघू की!" गुरुवारी त्यांनी पत्तीही नको म्हटल्यावर कॅन्टीनवाल्या रेवणअण्णानं गंभीरपणे विचारलं, "सर, उद्या कप काढू का?"

सर धातुशास्त्राचे. जेट इंजिनाची पाती भयंकर तापतात, तरी ताणली जाता कामा नयेत. म्हणून त्यांच्या मिश्रधातूत रेनियम घालतात. रेनियम इतकं दुर्मीळ, की सरांनी ते आयुष्यात चिमूटभर पाहिलं आणि उरलेलं आयुष्य ते काढून टाकण्यात घालवलं. घरी एकटेच, त्यामुळे स्वयंपाकातही तेच. एकदा त्यांच्या शेंगाचटणीत शेंगाच नव्हत्या. "चव तीच हाय की," म्हणत मलाही वाढली. चव तीच नव्हती.

रेनियम नसलेल्या त्यांच्या धातूची एक काडी भट्टीत वजन लावून टांगलेली होती. महिनोन्‌महिने त्या धगीत ती टिकली, तर सर बरोबर. भट्टी मध्येच निवली, तर सगळं पहिल्यापासून. आणि सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. रविवारीसुद्धा ते शेजारी स्टूल टाकून बसत.

अशात प्राचार्यांना उद्‌घाटनाची हुक्की आली. भट्टी जुनीच, दारावर 'उच्च तापमान संशोधन केंद्र' अशी नवी पाटी. ऐन मे महिना. पाहुण्यांनी फीत कापली, आत डोकावले आणि म्हणाले, "उच्च तापमान म्हणता, आणि किती गार ठेवलंय! वा!"

टाळ्या पडल्या. सरांनी भट्टीचा काटा पाहिला.

"भट्टी कुणी बंद केली?"

"मीच की सर," शिपाई सिद्राम म्हणाला. "प्राचार्य म्हटले, पाहुण्यांना उकडंल. सकाळीच केली. नाहीतरी लई तापली हुती."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि सत्काराच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी मी गेलो, तर ते भट्टीच्या पत्र्यावर तळहात ठेवून बसलेले.

"चला सर. आता काय राहिलंय हितं?"

"अजून कोमट हाय," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. पार गार हुईपर्यंत बसतो. आमच्या मंडळी गेल्या, तेव्हा दवाखान्यानं मला बाहेर बसवलं हुतं."