टकुरीमामांची यादी

आमचे टकुरीमामा माणसं मोजतात. एसटीत चढले की कंडक्टरच्या आधी त्यांची मोजणी उरकलेली असते. लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या मातीला, तहसीलच्या रांगेत, जिथं माणसं दिसतील तिथं त्यांचं बोट हवेत नाचतं. का मोजता विचारलं तर म्हणतात, "टकुरी मोजल्याली बरी असत्यात. माणूस हाय तवर मोजावं. हरवल्यावर मोजून काय उपेग?"

पलूसकडच्या एका ख्रिस्ती बालगृहात ते सगळं काही आहेत. आचारी रजेवर गेला की आचारी, गेट उघडं दिसलं की वॉचमन, रविवारी प्रार्थनेला पेटीवर. वय साठीच्या आसपास. पोरं 'मामा' म्हणतात, पाठीमागं 'टकुरीमामा'. खरं नाव ह्या सहलीपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

ही सहल माझंच लचांड. मी वन्यजीवांसाठी काम करते, म्हणजे बहुतेक वेळ पत्रकं वाटते. बालगृहाच्या कमिटीलाही मी पत्रकच दिलं. पैसेवाल्यांची पोरं जीपमधून जंगलं तुडवणार, आणि ह्या पोरांनी जन्मभर जेवणघराच्या भिंतीवर रंगवलेलं, जनावरांनी भरलेलं नोहाचं तारू बघायचं, हा कुठला न्याय? कमिटीनं तीन बैठका घेतल्या, प्रार्थना केली आणि परवानगी दिली. अट एकच : एक जरी तक्रार आली, तर ही पहिली आणि शेवटची सहल. पोरांना ती अट दहा आज्ञांपेक्षा पक्की पाठ झाली.

मग एक दाते उगवले. त्यांनी यादीबरहुकूम तेवीस टोप्या दिल्या. भगभगीत नारिंगी, पुढं दात्यांचं नाव. सांबराला लांबूनच कळावं, दानधर्म कुणी केला ते! मी कडाकडा भांडले, हरले. पोरं होती बावीस. तेविसावी टोपी मामांनी घातली. मला वाटलं, उरली म्हणून ढापली.

शिराळ्याच्या पुढच्या त्या जंगलाच्या फाटकावर आमचं झकास स्वागत झालं. दात्यांचा बॅनर धरून पोरांना उन्हात उभं केलं, फोटो काढला, मामांनी दिलेली यादी ड्रॉवरमध्ये टाकली. पोरं किती आहेत, हे कुणी विचारलं नाही. बॅनर एकच आहे, एवढं मात्र दोघा गार्डनी तपासलं.

आत दोन दिवस तंबू. माझं भाषण झालं : शांतता पाळा, जंगल ऐका. ते संपायच्या आत मामांची शिट्टी.

"टकुरी मोजा रं!"

"एक!" "दोन!" "तीन!" डोंगर दणाणला. बावीस झाल्यावर मामांचे ओठ आणखी एकदा हलायचे, मग म्हणायचे, "बरूबर." दर पाव तासाला हेच. पहिल्या दिवशी आम्हाला एक शेकरू दिसलं, तेही पळताना.

"मामा, जनावरं पळतात!" मी ओरडले.

"पळू द्यात की. त्यांची पोरं त्येंच्यासंगं हायती," मामा म्हणाले. "माझी मला बघाय पायजेत. पत्रकताई, तुमी लिवा, मी मोजतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शिट्टी काढून घेतली. आणि पाणवठ्यावर खरोखरच गवे आले. काळेभोर, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. पोरं श्वास धरून बसली. सात वर्षांच्या रूथनं माझा हात घट्ट पकडला. मामा कुजबुजत मोजत होते, "नऊ... धा... अकरा..." पाणी पिऊन कळप वळला, चढणीला लागला, आणि मामा ताडकन उभे राहिले.

"आवं, थांबा! एक वासरू मागं ऱ्हायलंय!"

हे गव्यांना. अकराच्या अकरा गवे झाडी मोडत उधळले. वासरूही उधळलं, आईच्या मागोमाग.

मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. मामा नारिंगी टोपी हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पर गेलं न्हवं आईसंगं? मग झालं."

दुपारी परत फाटकावर. आज तिथं दुसरेच गार्ड, मोठ्या मिशांचे आणि, आमचं नशीब, कागद वाचणारे. त्यांनी ड्रॉवरमधून यादी काढली, पोरं मोजली, पुन्हा मोजली.

"बाई, यादीत तेवीस. हितं बावीस. एक पोरगं आत ऱ्हायलंय!"

"बावीसच आणली होती," मी म्हणाले, तर गार्डनी यादीवर बोट ठेवलं. यादी मामांनीच लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं म्हणून. मी ती वाचलीही नव्हती. पत्रकं लिहिणारी माणसं दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाहीत. गार्डनी फाटकाला कुलूप घातलं आणि फोन उचलला. "वर कळवाय लागंल. तक्रार नोंदवाय लागंल." तक्रार म्हटल्याबरोबर पोरांचे चेहरे उतरले. रूथ रडायलाच लागली.

"आधी नावं तरी वाचा," मी म्हणाले.

गार्डनी पहिलं नाव वाचलं. "शमुवेल!"

कुणी ओ दिली नाही.

"शमुवेल कोण? कुणी बघितला कवा शेवटचा?"

"आमच्यात शमुवेल न्हाईच," पोरं म्हणाली.

मग मागून एक हात वर झाला. कोपरात वाकलेला, शाळेतल्यासारखा.

"हजर," मामा म्हणाले.

गार्डनी फोन खाली ठेवला. "आवं मामा, ही पोरांची यादी हाय!"

"व्हय. आमच्या रजिस्टरावरनं उतरलीया. आमच्यात न्यायला आलेल्या माणसाची सही झाली, की मगच नाव कापत्यात. मी बी ह्येंच्यासारखाच ल्हानपणी आलो, माज्या नावापुढं कुणाची सही झाली न्हाई. मग मी कसा गाळू?"

मिशीवाले गार्ड कागदाकडं बघत राहिले. मी पण. इतक्या वर्षांत किती अधिकारी बालगृहाच्या तपासणीला आले असतील, किती शेरे मारले असतील. ते नाव कुणी वाचलं नव्हतं.

रूथनं डोळे पुसले. "मामा, मी करते की सही. मी नेते तुमाला."

"नगं गं बाय!" मामा खरंच घाबरले. "नाव कापलं तर मला जायला लागंल. मी कुठं जाऊ?"

गार्डनी यादीखाली लिहिलं, 'तेवीस आत, तेवीस बाहेर', आणि कुलूप काढलं.

गाडीत मी मामांची शिट्टी परत दिली. त्यांनी ती फुंकली. "टकुरी मोजा रं!"

एक, दोन, तीन, थेट बावीस. मामांचे ओठ हलले.

"मोठ्यानं, मामा!" रूथ ओरडली.

मामांनी टोपी सारखी केली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेवीस."

"बरूबर!" पोरं म्हणाली, आणि गाडी सुटली.