बाहुलीचा कोट आणि हेडसरांची पॅन्ट

"आजोबा, ही गुदमरतेय," नात म्हणाली.

हेडसरांनी चष्मा कपाळावर सारला. बाहुलीला त्यांनी मानेपासून गुडघ्यापर्यंत पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं, वरून कागदी चिकटपट्टी मारली होती आणि तिच्यावर पेनाने शिवणीच्या रेघा आखल्या होत्या. रेघांवरून कापलं की पट्टीचं टरफल सुटणार आणि तोच कोटाचा नमुना, असं त्यांनी फोनवर पाहिलं होतं. एके काळी ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप व्हायचा, ते हेडसर निवृत्त झाल्यापासून नातीच्या हुकमाचे ताबेदार होते.

पहिला कोट बाहुलीच्या दंडातच अडकला.

"अहो, माया सोडलीत का?" बायकोने आतून विचारलं.

"माया आहे म्हणून तर शिवतोय!"

"कापडाची माया! शिवणीसाठी कडेने जास्तीचं कापड!"

दुसऱ्या कोटाला त्यांनी इतकी माया सोडली की आत शेजारणीची बाहुलीही मावली असती. तिसरा मात्र जमला. कॉलर ताठ उभी राहिली. एका बाजूची शिवण तेवढी उरली होती. ती बाहुलीच्या अंगावरच घातली की कोट नेमका बसेल, असं ठरवून हेडसर सोफ्यावर बसले, बाहुली मांडीवर आडवी घेतली आणि दुहेरी दोऱ्याने पक्के टाके घालू लागले.

तेवढ्यात धाकटी, लग्नाची लेक धावत आली. "बाबा, ते लोक लवकरच आले! जिना चढतायत!"

ते लोक म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील. पहिलीच भेट. वडील नावाजलेले सर्जन, आणि स्वभावाने भलतेच कडक.

"तुम्ही फार करारी आहात असं मी सांगून ठेवलंय. आज तसेच दिसा, प्लीज!"

हेडसरांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि ते करारीपणे उठले. बाहुलीही उठली.

त्यांनी ती ओढून पाहिली, तर पॅन्टच ताणली गेली. "कात्री!" ते पुटपुटले. नात आत पळाली आणि दारावरची बेल वाजली. हेडसर मटकन खाली बसले. मांडीवर वर्तमानपत्र पसरलं.

डॉक्टर आत आले. कडक इस्त्री, चेहऱ्यालाही.

"माफ करा, उठत नाही," हेडसर म्हणाले. "गुडघा धरलाय."

"कुठला?"

"डावा. म्हणजे, आता बरा आहे."

"बरा असेल तर उठा. दुखत असेल तर दाखवा," म्हणत डॉक्टरांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. गुलाबी टाचांच्या बुटांतले दोन पाय सगळ्यांसमोर आले.

"आजोबांनी हिला पॅन्टलाच शिवलंय," कात्री घेऊन आलेल्या नातीने खुलासा केला.

लेकीने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. डॉक्टर मात्र गुडघ्यांवर बसले.

"हलू नका. ही कात्री नको, नखं कापायची आणा. आणि तो दिवा लावा."

त्यांनी सफाईने एकेक टाका उसवला. मग बाहुली दिव्याजवळ धरून बराच वेळ न्याहाळली. हेडसरांना निकालाच्या दिवशी पोरांचं काय होत असेल ते आज कळलं.

"टाके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण बाहीला सुरकुती पडतेय. बाही जोडतो तो मुंढा खोल हवा."

"खोल घेतला की हात वर होत नाही हो!"

"मग काखेत तिकोनी तुकडा घालू."

"अरे, हे सुचलंच नाही मला! उरलेलं कापड आहे ना गं कुठे?"

दोघं जेवणाच्या टेबलाशी गेले ते गेलेच. चहा निवला. लग्नाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा टेबलाकडून नुसतं "हं" आलं.

"घरी शर्टाचं बटण तुटलं तर मला हाका मारतात," डॉक्टरीणबाई हेडसरांच्या बायकोला म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर लेकीने निवलेल्या चहाचे कप उचलले. होकार नाही, नकार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती दाराआड उभी राहिली. हेडसर हसत होते, हवेत बोटाने कसल्याशा रेघा काढत होते. फोन ठेवताच तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"बाहुलीच्या पॅन्टचा नमुना तयार झालाय. रविवारी घेऊन येतायत."

"आणि माझं?"

"तुझं काय? अरे हो, तेही म्हणाले. मुलगी पसंत आहे, तारीख तुम्हीच काढा." मग हेडसर जुन्या करारी आवाजात म्हणाले, "फक्त रविवार धरू नका. रविवारी आम्हाला शिवणकाम असतं."