तावड्यांचा फ्रेंच पेपर

आखातातल्या आमच्या मुहर्रकच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे तावडे कुठलाही पेपर वाचण्याआधी हुंगतात. आंबेवाल्याकडे आंबा हुंगावा तसा. मग खिशातलं भिंग काढून फोटोतल्या एखाद्या मंत्र्याच्या नाकावर धरतात, रंग एकमेकांवर नीट बसलेत का बघतात आणि पेपर माझ्या हातात परत देत म्हणतात, "जोशीनू, ह्येच्यात कायतरी गोम आसा."

गोम त्यांना सगळ्यातच दिसते. लिफ्ट सलग तीन दिवस चालली की गोम. मॅनेजरने आपणहून गुड मॉर्निंग म्हटलं तर मोठी गोम. माझी बायको सुनीता एकदा मोदक घेऊन गेली, तर दारातच उलटतपासणी सुरू झाली. आज चतुर्थी नाही, संकष्टी नाही, मग मोदक कशाला? सुनीता म्हणाली, नारळ फुटला होता म्हणून. तावड्यांना ते काही पटलं नाही. पण मोदक अकरा खाल्ले.

तावडे मूळचे कुडाळचे. सित्र्याच्या एका छापखान्यात गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मशीन मेकॅनिक आहेत. दुपारच्या शिफ्टला कंपनीची बस येते, ती पकडतात. बसचा ड्रायव्हर नवा असला की आधी त्याचं लायसन्स बघतात, मग चढतात.

आता हा माणूस रोज सकाळी सात वाजता मोबाइलवर फ्रेंच पेपर वाचतो, हे कळल्यावर संशय कोणाला येणार नाही? पेपर तरी कुठला, पॅरिसचा वगैरे नव्हे. तिकडच्या कुठल्याशा समुद्राकाठच्या जिल्ह्याचा. तावड्यांना फ्रेंचमधले सात शब्द येतात आणि त्यातले पाच नटबोल्टांविषयी आहेत.

या पेपरचा इतिहास मात्र त्यांना पाठ आहे. नोकरीला लागल्यावर लगेचच त्यांच्या छापखान्याने या पेपरचं जुनं रोटरी मशीन विकत घेतलं आणि ते खोलून आणायला तावड्यांना तीन महिने तिकडे धाडलं. तिथे त्यांनी बोल्ट सोडवता सोडवता सगळी माहिती काढली. मोठी लढाई संपली, जर्मन गेले. जर्मनांच्या राज्यात छापत राहिलेल्या जुन्या पेपरला सरकारने कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीतून नव्या नावाचा पेपर बाहेर पडला.

"मशीन तीच, शाई तीच, नाव तेवढा नवा," तावडे डोळे बारीक करून सांगतात. "गोम नाय तर काय?"

मग अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याचे दिवस आले आणि गेले. दर तालुक्याची वेगळी आवृत्ती निघू लागली. कोणाचा भोपळा सर्वांत मोठा, कोणत्या गावच्या बँडचा म्हातारा निवृत्त झाला, हे गावातलाच कुणी मास्तर नाहीतर बेकरीवाला लिहून पाठवायचा. पुढे एका सोमवारी पेपरचा आकार अर्धा झाला. "वाचकांच्या सोयीसाठी म्हणे! अर्धो पेपर दिलो तर सोय कोणाची?" मग रंग आला, छपाई गावाबाहेर गेली आणि शेवटी पेपर मोबाइलमध्ये शिरला. तिथे हुंगायला काही नाही, म्हणून तावडे त्याच्यावर जास्तच खट्टू.

मागच्या महिन्यात ते सकाळीच आमच्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"जोशीनू, माझी आवृत्ती खलास. एक तारखेपासून आमचो गाव मोठ्या शहराच्या आवृत्तीत घालतत. आमचा पान रवता काय जाता, देव जाणे."

"आमचो गाव?" ते गेल्यावर सुनीता म्हणाली. "कुडाळचा माणूस फ्रान्सच्या गावाला आमचो म्हणतो? अहो, तिथे नक्की एखादी बाई आहे."

मी तिला गप्प केलं खरं, पण किडा माझ्याही डोक्यात शिरला. दुसऱ्या दिवशी थालीपीठ द्यायच्या निमित्ताने मी खाली गेलो. तावडे चहा टाकायला आत वळले आणि टेबलावरच्या मोबाइलमध्ये मी डोकावलो. काय बघतो, तर ओळीने चौकोनी फोटो! पांढऱ्या केसांच्या, गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या, गोड हसणाऱ्या बाया. मधूनमधून टाय लावलेले आजोबा. प्रत्येकाखाली नाव, गाव, वय.

मी चहा न घेताच वर आलो आणि सुनीताला सांगितलं. तिने तिथल्या तिथे निकाल दिला.

"वधू-वर सूचक! उतारवयातल्यांचं! आणि वहिनी बिचाऱ्या तिकडे कुडाळला एकट्या. तुम्ही बोला त्यांच्याशी. आजच्या आज."

मी गेलो. घसा खाकरून सुरुवात केली. "तावडे, वहिनींना हे माहीत आहे का?"

"काय? पेपराचा? तिका सगळा म्हायत आसा. तीच रोज फोनार इचारता, गावलो काय म्हणान."

मी चक्रावलो. हे कुटुंब फारच पुढारलेलं निघालं.

"कोण सापडायचाय?"

तावड्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. फोटोंच्या वर एक बारीकसा क्रूस होता. मघाशी तो मला दिसला नव्हता, की दिसायला नको होता, कोण जाणे. "जोशीनू," ते हळूच म्हणाले, "ही गेलेली माणसां."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रने कळला. रने म्हणजे त्या मशीनचा फोरमन, तेव्हाच साठीच्या घरातला. तीस वर्षं त्याने ते मशीन चालवलं होतं आणि ते खोलायला आलेल्या या काळ्यासावळ्या पोराशी पहिले चार दिवस तो एक अक्षर बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने बघितलं, पोरगा तिथे मिळणाऱ्या डब्यातलं मांस बाजूला काढून नुसता पाव खातोय. दुसऱ्या दिवसापासून रनेची बायको एक ऑम्लेट जास्तीचं द्यायला लागली. तीन महिने. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि मशीनचं दुखणं ऐकायचं, हे रनेने शिकवलं. "माझ्या बापाशीन शिकवल्यान नाय तेवढा शिकवल्यान," तावडे म्हणाले. शेवटचा भाग क्रेनला लागला तेव्हा रने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

मग दर नाताळला इकडून कार्ड जायचं, तिकडून दोन ओळी यायच्या. चार वर्षांपूर्वी त्या यायच्या बंद झाल्या.

"तेव्हापासून हा पान बघतंय. नाव नाय म्हणजे माणूस आसा."

"अहो, पण फोन करा ना!" मी म्हटलं. "नंबर शोधू आपण. माझ्या ऑफिसात फ्रेंच बोलणारी एक ट्युनिशियन बाई आहे. दोन मिनिटांत कळेल."

तावडे मोबाइलच्या काचेवरचा डाग अंगठ्याने पुसू लागले.

"आणि दुसऱ्या कोणी उचलल्यान तर?"

लिफ्टपासून मोदकापर्यंत कशालाही खोदून विचारणारा हा माणूस, आणि ही एवढी एकच गोष्ट त्याला विचारायची नव्हती. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाचच खिडकी उघडायला उठलो.

एक तारखेला मी आपणहून सातला खाली गेलो. सुनीताही आली. पान होतं, पण त्यात आता सगळा जिल्हा एकत्र झाला होता. नावं संपता संपेनात. तावड्यांनी थोडी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "तुमीच बघा." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

मला फ्रेंच येत नाही. रनेचं आडनाव कागदावर लिहून घेतलं आणि एकेक अक्षर लावत गेलो. त्याच आडनावाचा एक निघाला, तेव्हा पहिलं नाव दोनदा वाचलं. तो पियेर होता. पियेरबद्दल वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला.

"नाही," शेवटी मी म्हटलं.

"परत एकदा बघा."

परत बघितलं. नव्हतं. तावड्यांनी कुडाळला फोन लावला.

"नाय गो," ते म्हणाले, "आज पण नाय गावलो."

पलीकडून वहिनींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "बरा झाला," त्या म्हणाल्या. "आता चाय घेवा."