सुर्वेकाका किल्ला तपासतात

सुर्वेकाकांना भिंत दिसली की ते ती ठोकून बघतात. लग्नाला गेले की हातातलं पाकीट द्यायच्या आधी स्टेजमागची भिंत ठोकतात आणि मान हलवत म्हणतात, "पोकळ आहे." नवरदेव दचकतो.

काका आमच्या कळव्याच्या सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. काकू गेल्यापासून एकटेच राहतात, पण घरात सापडत नाहीत. कुणाच्या तरी मोरीतला नळ बघत असतात. आता आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, काका मात्र कारणही न सांगता अडून बसले. शेवटी कमिटीने डोकं लढवलं. काकांना वसईच्या किल्ल्यात न्यायचं. जुन्या बांधकामाचं काय होतं ते डोळ्यांनी बघितलं की मवाळ होतील. खोपटच्या डेपोतून एसटी ठरवली, चकल्या बांधून घेतल्या आणि निघालो.

किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. काकांनी नवऱ्या मुलाला बाजूला केलं आणि भिंत ठोकली.

"हे बघा चुन्याचं काम! किती पावसाळे खाल्ले, तरी खणखणीत. आणि तुमचा बिल्डर म्हणतो, आपली बिल्डिंग चाळिशीत थकली?"

"अहो काका, पण वर छप्परच नाही!" चेअरमन सावंत कळवळून म्हणाले.

"म्हणजे टेरेसच्या लीकेजची कटकटच मिटली की!"

सावंतांनी घाम पुसला. पुढे बुरुजावर काका पोर्तुगीजांचं इतकं कौतुक करू लागले की कमिटीने घाईघाईने सगळ्यांना समुद्रावर नेलं.

तिथे झाडून सगळे पाण्यात उतरले. काका सुरूच्या झाडाखाली आमच्या चपला आणि मोबाइल राखत बसले. मी भेळ घेऊन त्यांच्याजवळ गेलो.

"काका, अडलंय कुठे? जागा कमी मिळतेय का?"

"जागा रग्गड आहे रे. बिल्डिंग उभी राहीपर्यंत तुम्ही सगळ्यांनी एकाच गल्लीत भाड्याने घर घ्या. आत्ता सही करतो."

सावंतांनी बदलापूरला टोकन दिलेलं, वरच्या मजल्यावरचे गावी निघालेले. सही मागताना हा माणूस जाणार कुठे, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"मी डोंबिवलीत घेतोय, काका."

ते पाण्यात खिदळणाऱ्या आमच्या मंडळींकडे बघत राहिले.

"बरं. करतो सही," ते म्हणाले. "डोंबिवली काय, लांब नाही तशी."

आजवर बेल न वाजवता आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारा हा माणूस मग चाचरत म्हणाला, "रविवारी आलो तर चालेल ना रे?"