बिनवासाची माती

एका जंगलात, बाळांनो, कुणीतरी मातीला डिझेल पाजलं आणि तोंड पुसून नामानिराळं झालं. कोण, ते मला विचारू नका. त्या जंगलातही कुणी विचारलं नव्हतं.

जंगलात गाड्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी टेकडीखाली एक मोठी लोखंडी टाकी पुरली होती. लोखंड गंजतं. पण टाकी जमिनीत होती, त्यामुळे गंजलेली कुणाला दिसली नाही.

कळलं ते साळूताईला. ती साळिंदर. तिचं बीळ टाकीला लागूनच. आधी वास आला. मग भिंती तेलकट झाल्या. मग दोन्ही पिल्लं खोकायला लागली. एका सकाळी खालच्या झऱ्यावर सात रंग तरंगताना दिसले. हरणांनी टाळ्या वाजवल्या. साळूताईने पिल्लं उचलली, पलीकडच्या टेकडीवर बहिणीकडे ठेवली आणि ती अस्वलसाहेबांच्या कचेरीत गेली. अस्वलसाहेब मृदा अधिकारी होते.

"साहेब, टाकी गळतेय."

"कुठली टाकी, ते सिद्ध करता येईल?"

"जंगलात टाकी एकच आहे, साहेब."

"मग तर फारच जपून बोलावं लागेल, ताई."

साळूताई रोज गेली. दारात बसून राहिली. तिचे काटे येणाऱ्याजाणाऱ्याला टोचू लागले, तेव्हा माती साफ करायचं ठरलं. तेलकट माती उपसायची, दूर नेऊन शुद्ध करायची, खड्डा चांगल्या मातीने भरायचा. आता पिल्लं घरी येणार! साळूताईने बीळ झाडायला घेतलं.

कामाआधी भूमिपूजन हवंच. ते सिंहमहाराजांच्या हस्ते. पण महाराजांना वास सोसत नाही. म्हणून मंडपवाल्या वानराने कुदळ मारायच्या जागेची हातभर माती काढली आणि नदीकाठची छान काळी माती भरली. काढलेली माती त्याने झऱ्याच्या अंगाला ढकलली.

"अहो भाऊजी, तिथे पाणी आहे!" साळूताई ओरडली.

"वहिनी, उद्यापासून सगळंच साफ होणार ना? एका दिवसाने काय होतंय!"

महाराज आले. नारळ फुटला. कुदळ पडली. महाराजांनी माती हुंगली.

"वास कुठे आहे?"

मग अस्वलसाहेबांना नियम आठवला. तपासणीचा नमुना पहिल्या कुदळीच्या मातीतूनच घ्यायचा असतो. घेतला. तेलाचा थेंब नाही. तिथल्या तिथे दाखला लिहिला गेला : माती शुद्ध. सुरू होण्याआधीच पूर्ण झालेलं जंगलातलं ते पहिलं काम. टाळ्या थांबेनात.

"साहेब, खाली खणून तरी बघा," साळूताई म्हणाली.

"ताई, शुद्ध झालेली माती कुणी खणतं का?"

साळूताईने खणली. दोन्ही पंजांनी, सगळ्यांदेखत. हातभर काळी माती उडाली आणि खालून तेल पाझरलं. मंडपभर वास पसरला. महाराज नाकावर शेपूट धरून निघून गेले.

आता मात्र यंत्रणा हलली. चौकशी अर्ध्या तासात संपली. दाखल्याप्रमाणे माती शुद्ध होती. साळूताईने पंजा लावला आणि तेल आलं. साक्षीदार शंभर होते. शुद्ध जागा खराब केल्याबद्दल तिला टेकडी सोडायचा हुकूम झाला. पिल्लं आता बहिणीकडेच राहतील.

खड्डा वानराने बुजवला. काळ्या मातीनेच.

तात्पर्य : घाण जमिनीत असते तोवर ती कुणाचीच नसते. जो वर काढतो, त्याची होते. तेव्हा बाळांनो, शहाणे असाल तर खणू नका. वास आलाच, तर मंडप घाला.

एवढ्यात मंडपाचे बांबू सोडून दमलेला वानर, बोचकं बांधणाऱ्या साळूताईजवळ आला. घाम पुसत म्हणाला, "वहिनी, घोटभर पाणी मिळेल का? झऱ्याचं नको हं."